गार्डन स्टेट स्टेक्स : इनामाने मोठी केलेली शर्यत

अमेरिकेतील घोडदौडीच्या इतिहासावरचे बहुतेक लेखन केंटकी डर्बी, प्रीकनेस आणि बेलमाँट या तीन वर्षांच्या घोड्यांच्या तीन शर्यतींभोवती फिरते. मात्र विसाव्या शतकाच्या मध्यावर सुमारे वीस वर्षे अशी होती, की त्या काळात मोठे इनाम या तीन मान्यवर शर्यतींकडे नव्हते. ते न्यू जर्सी राज्यातील एका नव्या रेसकोर्सवर शरद ऋतूत होणाऱ्या, अवघ्या दोन वर्षांच्या घोड्यांच्या शर्यतीकडे होते. गार्डन स्टेट स्टेक्स हे तिचे नाव. तिला जुनी परंपरा नव्हती, राजाश्रय नव्हता आणि ज्या भूमीवर ती होत असे तिलाही घोडदौडीचे वलय नव्हते. इनामाच्या जोरावर ती उभी राहिली, इनामाच्या जोरावरच तिने नामांकित घोडे आपल्याकडे खेचून आणले आणि त्या इनामामागचे अर्थकारण ढासळू लागले तेव्हा तीही संपली. तिच्या विजेत्यांचे रक्त मात्र आजही जगभरच्या रेसकोर्सवर धावते आहे.

शर्यतीचे स्वरूप

या शर्यतीचे महत्त्व समजण्यासाठी काही गोष्टी आधी स्पष्ट करायला हव्यात. थरोब्रेड ही खास शर्यतीसाठी जोपासलेली अश्वजात असून, सतराव्या-अठराव्या शतकांत पूर्वेकडून इंग्लंडमध्ये आणलेले नर आणि तिथल्या स्थानिक घोड्या यांच्या संकरातून ती तयार झाली. उत्तर गोलार्धात जन्मलेल्या प्रत्येक थरोब्रेडचे वय १ जानेवारीपासून मोजले जाते. एखादे शिंगरू प्रत्यक्षात फेब्रुवारीत जन्मलेले असो वा मे महिन्यात, पुढच्या १ जानेवारीला कागदोपत्री ते एक वर्षाचे होते. त्यामुळे दोन वर्षांच्या घोड्यांच्या शर्यतीत उतरणारी सगळी जनावरे खरोखर सारख्या वयाची नसतात आणि हाडांनी पक्की तर सहसा कुठलीच झालेली नसतात. मुंबईत महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर होणारी इंडियन डर्बी चार वर्षांच्या घोड्यांसाठी असते, हे लक्षात घेतले म्हणजे दोन वर्षांच्या घोड्याला लांब पल्ल्याच्या शर्यतीत उतरवणे किती धाडसाचे होते याची कल्पना मराठी वाचकाला येऊ शकेल.

दुसरी गोष्ट ‘स्टेक्स’ या प्रकाराची. अशा शर्यतीत घोड्याचे नाव नोंदवण्यासाठी, ते पुढे कायम ठेवण्यासाठी आणि अखेर प्रत्यक्ष धावण्यासाठी मालकांना ठरावीक शुल्क भरावे लागते. ही सारी रक्कम एकत्र होते आणि रेसकोर्सची कंपनी तिच्यात आपल्या पदरची भर घालते. ज्यांचे घोडे आजारी पडले, लंगडले किंवा पुरेसे वेगवान निघाले नाहीत त्यांनी भरलेले पैसेही इनामातच राहतात, त्यामुळे नोंदणी जितकी मोठी तितके इनाम फुगते. कंपनी जी भर घालते ती येते टोटमधून. टोट म्हणजे सर्वांनी लावलेले पैसे एका निधीत गोळा करून, त्यातून राज्याचा कर व रेसकोर्सचा वाटा कापून उरलेली रक्कम जिंकणाऱ्यांत वाटण्याची पद्धत. प्रेक्षक जितके जास्त तितका हा वाटा मोठा, आणि वाटा जितका मोठा तितके पुढच्या हंगामाचे इनाम भरघोस, असे हे चक्र होते. गार्डन स्टेट स्टेक्सचा उदय आणि अस्त या दोहोंची किल्ली या चक्रातच सापडते.

युद्धकाळात उभा राहिलेला रेसकोर्स

न्यू जर्सीत १८९७ च्या घटनादुरुस्तीने जुगारावर बंदी आणल्यापासून पैजेसह होणारी घोडदौड बंद होती. मंदीच्या काळात राज्याला उत्पन्नाची निकड भासू लागली आणि १९३९ मध्ये मतदारांनी टोट पद्धतीच्या पैजेला परवानगी देणारी दुरुस्ती मंजूर केली. या संधीचा फायदा घेणाऱ्यांत युजीन मोरी हा दक्षिण न्यू जर्सीतील उद्योजक पुढे होता. त्याने जागा निवडली ती डेलावेअर टाउनशिप या निमग्रामीण भागात. डेलावेअर नदीच्या पलीकडे फिलाडेल्फिया हे महानगर होते, पेनसिल्व्हेनिया राज्यात घोडदौडीवर पैज लावणे बेकायदा होते आणि बेंजामिन फ्रँकलिन पूल ओलांडला की शर्यतीचा शौकीन थोड्याच वेळात मोरीच्या दारात पोहोचत असे. शेजारच्या राज्याने बंदी घातलेली गोष्ट पुलाच्या अलीकडे कायदेशीरपणे उपलब्ध करून देणे हाच या धंद्याचा पाया होता.

१८ जुलै १९४२ रोजी गार्डन स्टेट पार्क सुरू झाले. अमेरिका महायुद्धात उतरून जेमतेम सात महिने झाले होते आणि बांधकामासाठी पोलाद मिळणे दुरापास्त होते, त्यामुळे प्रेक्षकांचे भव्य स्टँड मुख्यतः लाकडाचे बांधावे लागले. पेट्रोलच्या रेशनिंगचे दिवस असतानाही गर्दी लोटली, आणि त्याच वर्षी न्यू जर्सीच्या लोकप्रिय बिरुदावरून नाव घेतलेली दोन वर्षांच्या घोड्यांची शर्यत कार्यक्रमात आली. पहिली दहा वर्षे ती चांगली, पण प्रादेशिक पातळीवरचीच राहिली. १९४६ मध्ये ती जिंकणारा डबल जे आणि १९४८ चा विजेता ब्लू पीटर हे त्या काळातले नावाजलेले दोन वर्षांचे घोडे होते, तरी न्यूयॉर्कच्या जुन्या शर्यतींची सर तिला नव्हती. न्यूयॉर्कमध्ये अशा शर्यती एकोणिसाव्या शतकापासून चालत आल्या होत्या आणि कोणता दोन वर्षांचा घोडा श्रेष्ठ, हे ठरवण्याचा मान त्यांच्याकडे होता.

१९५३ : इनामाची उडी

मोरीने हा मान विकत घ्यायचे ठरवले. १९५३ मध्ये शर्यतीची रचना आणि इनाम दोन्ही नव्याने आखण्यात आले. अंतर साडेआठ फर्लांगांचे, म्हणजे एक मैलाहून अर्धा फर्लांग जास्त होते. वसंतात आणि उन्हाळ्यात पाच-सहा फर्लांगांत सुसाट सुटणाऱ्या घोड्यांपैकी कोणाचा दम पुढच्या वर्षीच्या लांब शर्यतींत टिकेल, याची पारख करणारे हे अंतर होते. नोंदणीची शुल्के आणि कंपनीची भर मिळून एकूण रक्कम अडीच लाख डॉलरच्या पुढे गेली आणि ही शर्यत जगातील सर्वांत मोठ्या इनामाची म्हणून गाजू लागली.

या रकमेचा अर्थ त्या वर्षीच्या विजेत्याच्या मालकाकडे पाहिले की स्पष्ट होतो. हॅरी गुगनहाइम याच्या केन हॉय स्टेबलच्या डार्क स्टार या घोड्याने मे १९५३ मध्ये केंटकी डर्बी जिंकली, आणि तीही नेटिव्ह डान्सर या तोवर अजिंक्य राहिलेल्या घोड्याला हरवून; त्याच्या वाट्याला सुमारे नव्वद हजार डॉलर आले. त्याच वर्षीच्या शरदात त्याच मालकाच्या आणि एडी हेवर्ड या त्याच ट्रेनरच्या टर्न-टू या दोन वर्षांच्या घोड्याने गार्डन स्टेट स्टेक्स जिंकली, तेव्हा त्याच्या वाट्याला दीड लाख डॉलरहून अधिक रक्कम आली. पाऊणशे वर्षांहून अधिक परंपरा असलेल्या डर्बीपेक्षा अकरा वर्षांच्या एका शर्यतीने दोन वर्षांच्या घोड्याला इतके जास्त द्यावे, ही गोष्ट घोडदौडीच्या जगाला अस्वस्थही करणारी होती आणि मोह घालणारीही.

पुढची काही वर्षे हा मोह वाढतच गेला. १९५४ मध्ये समर टॅनने इतर घोड्यांना बरेच मागे टाकून बाजी मारली, १९५५ मध्ये प्रिन्स जॉन जिंकला आणि १९५६ मध्ये कॅल्युमेट फार्मच्या बार्बिझनने शर्यत जिंकली तेव्हा एकूण रक्कम तीन लाख डॉलरच्या वर गेली होती. त्या वर्षी देशातला सर्वश्रेष्ठ दोन वर्षांचा नर म्हणून बार्बिझनची निवड झाली ती प्रामुख्याने या एका विजयाच्या आधारावर. अर्थात पैशाने सगळेच निकाल ठरत नव्हते. समर टॅन आणि नॅशुआ हे १९५४ मधले अटीतटीचे प्रतिस्पर्धी. समर टॅनने नॅशुआला काउडिन स्टेक्समध्ये हरवलेही होते. नॅशुआ गार्डन स्टेटमध्ये धावला नाही, तरी वर्षअखेरीला श्रेष्ठत्वाचा मान त्यालाच मिळाला.

मोरीचे साम्राज्य या काळात विस्तारत होते. फ्लोरिडातील हायालिया हा प्रतिष्ठित रेसकोर्स त्याने १९५४ मध्ये ताब्यात घेतला. गार्डन स्टेट पार्कच्या आजूबाजूचा शेतीचा परिसरही झपाट्याने बदलला. १९६० मध्ये फिलाडेल्फियातील लॅटिन कसिनो हा नामांकित नाइटक्लब रेसकोर्ससमोर येऊन स्थिरावला आणि १९६१ मध्ये डेलावेअर टाउनशिपचे नाव बदलून चेरी हिल झाले. दुपारी शर्यत आणि संध्याकाळी गायकांची मैफल असा नदीपलीकडच्या शौकिनांचा कार्यक्रम बनून गेला.

विजेते आणि त्यांचे भवितव्य

१९५३ ते १९७२ या वीस वर्षांतील विजेत्यांची यादी पाहिली तर दोन गोष्टी ठळकपणे जाणवतात. पहिली म्हणजे हंगामाचा श्रेष्ठ दोन वर्षांचा घोडा ओळखण्यात ही शर्यत वाकबगार ठरली. बार्बिझननंतर १९५८ चा फर्स्ट लँडिंग, १९५९ चा वॉरफेअर, १९६१ चा क्रिमसन सेटन, १९६६ चा सक्सेसर, १९७१ चा रिव्हा रिज आणि १९७२ चा सेक्रेटेरिएट या सर्वांना त्या त्या वर्षी आपल्या वयोगटाचे अग्रस्थान मिळाले. फर्स्ट लँडिंग, वॉरफेअर, सक्सेसर आणि रिव्हा रिज या चौघांनी न्यूयॉर्कची शॅम्पेन स्टेक्स आणि गार्डन स्टेट अशा दोन्ही शर्यती एकाच शरदात जिंकल्या. न्यूयॉर्कमध्ये एक मैलात सिद्ध व्हायचे आणि मग चेरी हिलला जाऊन अर्धा फर्लांग जास्त धावून त्यावर शिक्कामोर्तब करायचे, असा एक मार्गच पडला होता.

दुसरी गोष्ट नेमकी उलट दिशेची आहे. या वीस विजेत्यांपैकी पुढच्या वर्षी केंटकी डर्बी जिंकली ती केवळ तिघांनी, कॅरी बॅक, रिव्हा रिज आणि सेक्रेटेरिएट यांनी. फर्स्ट लँडिंगने १९५८ मध्ये टॉमी ली या इंग्लंडमध्ये जन्मलेल्या घोड्याला मागे टाकले होते. पुढच्या मे महिन्यात डर्बी टॉमी लीने जिंकली आणि फर्स्ट लँडिंग तिसरा आला. समर टॅनही १९५५ च्या डर्बीत स्वॅप्स आणि नॅशुआ यांच्या मागे तिसराच राहिला. टर्न-टूने १९५४ च्या सुरुवातीला फ्लेमिंगो स्टेक्स जिंकली आणि डर्बीचा फेव्हरिट म्हणून त्याच्याकडे पाहिले जात असतानाच पुढच्या पायाची कंडरा दुखावून त्याची कारकीर्द संपली. वॉरफेअर तर जायबंदी झाल्यामुळे तीन वर्षांच्या मोठ्या शर्यतींपर्यंत पोहोचूच शकला नाही. कोवळ्या वयात मोठ्या इनामासाठी घोड्यांना लांब अंतरावर पळवणे त्यांच्या पायांना कितपत मानवते, हा वाद घोडदौडीत जुनाच आहे, आणि या शर्यतीने त्याला वेळोवेळी नवी उदाहरणे पुरवली.

तिघा अपवादांपैकी कॅरी बॅकची हकिगत या शर्यतीच्या स्वभावावर वेगळाच प्रकाश टाकते. जॅक प्राइस हा स्वतःच घोडा पैदा करणारा आणि स्वतःच त्याला तयार करणारा ट्रेनर होता. त्याने जॉपी नावाची घोडी काहीशे डॉलरांत मिळवली आणि तिला सॅगी या नराकडे नेले, ज्याच्यासाठी ४०० डॉलर एवढेच शुल्क होते. सॅगीची ख्याती एवढीच, की १९४८ मध्ये सायटेशन या महान घोड्याला त्याने एकदा हरवले होते. या जोडीचे अपत्य म्हणजे कॅरी बॅक. १९६० ची गार्डन स्टेट त्याने मागून मुसंडी मारून जिंकली आणि १९६१ मध्ये केंटकी डर्बी व प्रीकनेस या दोन्ही शर्यती घेतल्या. मोठ्या घराण्यांच्या तबेल्यांसाठी ही शर्यत प्रतिष्ठेचा प्रश्न होती. प्राइस दांपत्यासाठी मात्र तिच्या एका दुपारच्या इनामाने आयुष्याचे गणितच बदलले. १९६२ पासून शिकागोच्या अर्लिंग्टन-वॉशिंग्टन फ्युचुरिटीने इनामात गार्डन स्टेटला मागे टाकले, तरी शरद ऋतूच्या अखेरची निर्णायक कसोटी म्हणून चेरी हिलचे स्थान पुढची दहा वर्षे टिकून राहिले.

बाप, मुलगा आणि नातू

शर्यतीच्या निकालांपेक्षा तिचे दूरगामी महत्त्व दिसते ते वंशावळीत. टर्न-टूची धावण्याची कारकीर्द अकाली संपली आणि त्याला स्टॅलियन, म्हणजे पैदाशीसाठी राखलेला नर म्हणून स्टड फार्मवर पाठवण्यात आले. तिथे तो अमेरिकेतील अत्यंत प्रभावी जनकांपैकी एक ठरला. त्याचा मुलगा फर्स्ट लँडिंग याने बापाच्या विजयानंतर पाच वर्षांनी, १९५८ मध्ये, तीच शर्यत जिंकली आणि फर्स्ट लँडिंगचा मुलगा रिव्हा रिज याने १९७१ मध्ये तिच्यावर तिसऱ्या पिढीची मोहर उमटवली. टर्न-टूच्या हेल टू रीझन या दुसऱ्या मुलाच्या शाखेतून हेलो आणि हेलोपासून १९८९ चा केंटकी डर्बी विजेता संडे सायलेन्स जन्मला, जो पुढे जपानमध्ये गेला आणि तिथल्या अश्वपैदाशीचा चेहरामोहराच त्याने बदलून टाकला. डीप इम्पॅक्ट हा त्याचाच मुलगा. सर गेलॉर्ड या आणखी एका मुलापासून १९६८ ची इंग्लिश डर्बी जिंकणारा सर आयव्हर झाला. प्रिन्स जॉनच्या मुलांपैकी स्टेज डोअर जॉनीने १९६८ ची बेलमाँट जिंकली आणि प्रिन्स जॉनच्या मुलींनी तर त्याला अमेरिकेतील अग्रगण्य मातामह बनवले.

दुसरी मोठी शाखा बोल्ड रूलरची. १९६६ चा विजेता सक्सेसर आणि १९७२ चा विजेता सेक्रेटेरिएट हे दोघेही त्याचे मुलगे. बोल्ड रूलर हा नसरुल्लाहचा मुलगा, आणि नसरुल्लाहची पैदास झाली होती आगाखान तिसरे यांच्या स्टडवर. पुण्यातील आगाखान पॅलेसमुळे महाराष्ट्राला परिचित असलेले, घोड्यांचा पिढीजात शौक जपणारे हे घराणे. टर्न-टूचा बाप रॉयल चार्जर आणि नसरुल्लाह हे दोघेही इटलीत जन्मलेल्या निअर्को या घोड्याचे पुत्र असल्याने, चेरी हिलच्या रेसकोर्सवर वीस वर्षांत वेगवेगळ्या मालकांच्या नावे जिंकलेल्या घोड्यांपैकी बरेचसे मुळात एकाच घरातले होते, असे म्हणता येते. दोन वर्षांच्या वयात वेग आणि साडेआठ फर्लांगांपर्यंत दम या दोन गुणांचा मेळ ज्याच्या अंगी असेल असा घोडा ही शर्यत वर्षानुवर्षे वेगळा काढत गेली, आणि नेमके हेच गुण पैदाशीच्या बाजारात सर्वांत मोलाचे होते.

मेडो स्टेबलची तीन इनामे

या शर्यतीच्या इतिहासात एकाच तबेल्याचे नाव तीनदा येते. व्हर्जिनियातील मेडो स्टेबल ही क्रिस्टोफर चेनरी या उद्योगपतीची. १९५८ मध्ये फर्स्ट लँडिंग त्याच्याच रंगांत धावला होता. साठीच्या दशकाच्या अखेरीस चेनरी गंभीर आजारी पडला, तबेला तोट्यात गेला आणि त्याची कन्या पेनी ट्वीडी हिने कारभार हाती घेतला. विक्रीचा सल्ला बाजूला सारून तिने तबेला चालू ठेवला, आणि १९७१ मध्ये रिव्हा रिजने शरदातल्या महत्त्वाच्या शर्यतींपाठोपाठ गार्डन स्टेटही जिंकून तिचा निर्णय योग्य ठरवला. त्या वेळी त्याचा ट्रेनर लुसियन लॉरिन आणि जॉकी रॉन टुरकॉट होता.

पुढच्याच वर्षी, १८ नोव्हेंबर १९७२ रोजी, तोच मालक, तोच ट्रेनर आणि तोच जॉकी पुन्हा चेरी हिलला आले. या वेळी टुरकॉटच्या खाली होता सेक्रेटेरिएट. ३० मार्च १९७० रोजी जन्मलेला हा तांबूस घोडा त्या दिवशी प्रत्यक्षात दोन वर्षे साडेसात महिन्यांचा होता. शॅम्पेन स्टेक्समध्ये तो पहिला येऊनही वाटेत दुसऱ्या घोड्याला अडथळा केल्याबद्दल त्याला दुसरे स्थान देण्यात आले होते. त्यानंतर मेरीलँडची लॉरेल फ्युचुरिटी त्याने आठ लेंग्थने, म्हणजे घोड्याच्या आठ देहांइतक्या अंतराने, जिंकली होती. गार्डन स्टेटमध्ये केवळ सहा घोडे उतरले, आणि पैज लावणाऱ्यांचा त्याच्यावरचा विश्वास इतका होता की जिंकल्यावर लावलेल्या पैशावर नाममात्र रक्कम सुटणार होती. सुरुवातीला सगळ्यांच्या मागे राहिलेला सेक्रेटेरिएट वळणावर बाहेरच्या बाजूने एकेकाला ओलांडत पुढे आला आणि साडेतीन लेंग्थने जिंकला. दुसरा आलेला अँगल लाइट हाही लॉरिनच्याच हाताखालचा होता. पाच महिन्यांनी वुड मेमोरियलमध्ये याच अँगल लाइटने सेक्रेटेरिएटला हरवून खळबळ उडवली, पण त्या नोव्हेंबरमध्ये तसे काही घडेल असे कोणाला वाटण्याचे कारण नव्हते.

सेक्रेटेरिएटच्या वाट्याला त्या दुपारी १,७९,१९९ डॉलर आले. दोन वर्षांचा असतानाच त्याला देशातल्या सर्व वयांच्या घोड्यांमध्ये ‘हॉर्स ऑफ द इयर’ हा बहुमान मिळाला. जानेवारी १९७३ मध्ये चेनरीचे निधन झाले आणि वारसाकराच्या ओझ्याखाली आलेल्या कुटुंबाने फेब्रुवारीत या घोड्याच्या पैदाशीचे हक्क प्रत्येकी १,९०,००० डॉलरच्या ३२ हिश्श्यांत, म्हणजे ६० लाख ८० हजार डॉलरला विकले. त्या वेळेपर्यंत सेक्रेटेरिएटने तीन वर्षांचा म्हणून एकही शर्यत धावली नव्हती. हा विक्रमी भाव सर्वस्वी दोन वर्षांच्या वयातल्या कामगिरीवर ठरला होता. काही महिन्यांतच त्याने तिन्ही क्लासिक शर्यती जिंकून ट्रिपल क्राउन मिळवला.

अस्त

गार्डन स्टेट स्टेक्सने आपला सर्वांत थोर विजेता पाहिला आणि त्याच वर्षी दोन वर्षांच्या घोड्यांची शर्यत म्हणून तिची अखेर झाली. यामागे एखादा आकस्मिक प्रसंग नव्हता. ज्या चक्रावर ती उभी होती तेच चक्र मंदावले होते. पेनसिल्व्हेनियाने घोडदौडीवरच्या पैजेला मान्यता दिल्यावर फिलाडेल्फियाच्या शौकिनांना पूल ओलांडण्याची गरज उरली नाही; १९६९ पासून खुद्द शहराच्या हद्दीत थरोब्रेड धावू लागले. न्यू जर्सीची स्वतःची राज्य लॉटरी सत्तरीच्या सुरुवातीला आली आणि १९७१ मध्ये न्यूयॉर्कमध्ये रेसकोर्सवर न जाता शहरातल्याच केंद्रांवर पैज लावण्याची सोय झाली. गर्दी विखुरली, टोटचा वाटा घटला आणि वर्षातून एका दुपारी जवळपास तीन लाख डॉलरचे इनाम मांडणे परवडेनासे झाले. गर्दी विखुरली, टोटचा वाटा घटला आणि वर्षातून एका दुपारी जवळपास तीन लाख डॉलरचे इनाम मांडणे परवडेनासे झाले.

दुर्दैवाचा भाग असा, की अमेरिकेत शर्यतींची अधिकृत श्रेणी ठरवण्याची पद्धत १९७३ मध्ये सुरू झाली. श्रेणी म्हणजे लिलावाच्या सूचिपत्रात घोड्याच्या वंशावळीसमोर छापली जाणारी अधिकृत प्रत, जिच्यावर आजचा सारा बाजार चालतो. गार्डन स्टेट त्याच्या आदल्याच वर्षी बंद पडल्यामुळे तिच्या दोन वर्षांच्या एकाही विजेत्याच्या विजयापुढे अशी कोणतीही खूण लागली नाही. आजच्या खरेदीदाराच्या नजरेत ही शर्यत दुय्यम भासते ती या तांत्रिक कारणामुळे, तिच्या मैदानात कोण धावले यामुळे नव्हे.

रेसकोर्सचा शेवट याहून क्रूर ठरला. १४ एप्रिल १९७७ रोजी शर्यती चालू असतानाच गार्डन स्टेट पार्कच्या उपाहारगृहाच्या भागात आग लागली, आणि युद्धकाळात पोलादाच्या टंचाईमुळे लाकडाचे बांधलेले स्टँड पाहता पाहता भस्मसात झाले. हजारो प्रेक्षक बाहेर पडू शकले, तरी या दुर्घटनेत तिघांचा जीव गेला. पुढची आठ वर्षे तिथे शर्यती झाल्या नाहीत. वित्त व्यावसायिक रॉबर्ट ब्रेनन याच्या कंपनीने ही जागा घेऊन कोट्यवधी डॉलर खर्चून काचेचा नवा देखणा स्टँड बांधला आणि १ एप्रिल १९८५ रोजी दारे पुन्हा उघडली.

गार्डन स्टेट स्टेक्स या नावानेही त्याच महिन्यात पुनरागमन केले, पण आता ती नऊ फर्लांगांची, तीन वर्षांच्या घोड्यांची, डर्बीपूर्व तयारीची शर्यत होती. २० एप्रिलला स्पेंड अ बक हा अवघ्या १२,५०० डॉलरला विकत घेतलेला घोडा ती साडेनऊ लेंग्थने जिंकला. ब्रेननने जाहीर केले होते की चेरी हिल माइल, गार्डन स्टेट, केंटकी डर्बी आणि जर्सी डर्बी या चारही शर्यती जिंकणाऱ्याला २० लाख डॉलरचा बोनस मिळेल. स्पेंड अ बकने केंटकी डर्बी जिंकल्यावर त्याच्या मालकाने ट्रिपल क्राउनची दुसरी शर्यत प्रीकनेस सोडून दिली, मे अखेरीला चेरी हिलला जर्सी डर्बी जिंकली आणि इनाम व बोनस मिळून २६ लाख डॉलर घेतले. क्लासिक शर्यतींच्या चालकांना बसलेला हा धक्का एवढा मोठा होता, की तिन्ही रेसकोर्सना एकत्र येऊन ट्रिपल क्राउनसाठी स्वतःचे बोनस आणि संयुक्त संघटना उभी करावी लागली. १९५३ मध्ये मोरीने वापरलेले इनामाचे हत्यार बत्तीस वर्षांनी त्याच जागेवरून पुन्हा चालवले गेले होते. पण या वेळी ते दीर्घकाळ पेलण्याइतकी गर्दी नदीच्या अलीकडे येत नव्हती. मे २००१ मध्ये गार्डन स्टेट पार्क कायमचे बंद झाले आणि त्या जागेवर घरे व बाजारपेठ उभी राहिली.

दोन वर्षांच्या घोड्यांच्या शरद ऋतूतल्या निर्णायक शर्यतीची गरज मात्र संपली नव्हती. १९८४ मध्ये सुरू झालेल्या ब्रीडर्स कप या वार्षिक महोत्सवात साडेआठ फर्लांगांच्या जवळपास अंतराची, दहा लाख डॉलर इनामाची, याच वयाच्या नरांची जुव्हेनाइल ही शर्यत ठेवण्यात आली आणि चेरी हिलने दोन दशके बजावलेली भूमिका तिने उचलली. या दोहोंतला महत्त्वाचा फरक पैशाच्या उगमाचा आहे. गार्डन स्टेटचे इनाम एका शहराच्या गर्दीवर आणि एका माणसाच्या महत्त्वाकांक्षेवर अवलंबून होते; ब्रीडर्स कपचा निधी देशभरच्या स्टड फार्मांनी भरलेल्या नोंदणी शुल्कातून उभा राहतो. दोन वर्षांच्या घोड्यांच्या शर्यतींचा मुख्य लाभ शेवटी पैदास करणाऱ्यांनाच होतो, हे सेक्रेटेरिएटच्या ३२ हिश्श्यांनी १९७३ मध्येच दाखवून दिले होते. पैदास करणाऱ्यांवरच या शर्यतींचा खर्च टाकण्याची व्यवस्था लागायला आणखी अकरा वर्षे गेली आणि तोवर गार्डन स्टेट स्टेक्स इतिहासजमा झाली होती.